हिंदुरावाचं मोकळं रान

वरकुटे, ता. इंदापूर
१२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
मुक्ताचा शि. सा. न. वि. वि.

दादा, तुझा गुडघा कसा हाय? तेल चोळतोस का नुसती बाटली उशाला घेऊन झोपतोस? सिंधूवहिनीच्या डोळ्याचं पाणी थांबलं का? प्रगतीचा खोकला गेला असंल तरी कॉलेजला जाताना तोंडाला रुमाल बांधायला सांग. काळी गाय व्याली का? इकडं सूनबाई राजेश्वरी आणि नातवंडं मजेत हायत. विजयसिंह बारामतीला कंपनीत, आठवड्याला येऊन तोंड दाखवून जातो. माझं अंग बरं हाय, डोकं तेवढं जाग्यावर न्हाय. फोनवर सांगितलं असतं, पण तू सगळ्याला व्हय व्हय म्हणतोस आणि फोन ठेवल्यावर वहिनीला विचारतोस, काय म्हणाली गं ती.

गेल्या उन्हाळ्यात माळाच्या वणव्यानं पलीकडच्या वस्तीवरचे गोठे गेले, ते तुला ठाऊक हाय. म्हणून आवंदा आमच्या राजेश्वरीनं बचत गटातल्या बाया गोळा केल्यात आणि जंगलखात्याची माणसंबी येत्यात. तयारी चाललीया. पण त्यातलं मला निम्मं कळंना झालंय. ज्या गार्डानं माळावर विडी ओढली म्हणून वस्तीवरच्या जोतीरामाला झाप झाप झापलं, तोच परवा हातात टेंभा घेऊन गवत पेटवीत निघाला. मी म्हणाले, आता ह्याला कोण झापणार? राजेश्वरी म्हणाली, आत्या, ह्याला जाळपट्टा म्हणत्यात, आधीच जाळून ठेवलं की आगीला पुढं यायला काय उरत न्हाय. बरं. शेतीचे साहेब म्हणत्यात उसाचं पाचट रानातच राहू द्या. ही म्हणती घराभवती वाळकी काडी नको. आमचं घर उसाला चिकटून. मी पाचट ठेवू का काढू? आणि कडब्याची गंज दाराम्होरनं हलवा म्हणती. म्हशीनं मग काय खायचं, जाळपट्टा?

खरी गोम पुढं हाय. वणवा आला तर देवळाचा भोंगा वाजणार आणि सगळ्यांनी जनावरं घेऊन हिंदुरावाच्या रानात जमायचं. त्यानं हरभरा काढल्या काढल्या रान नांगरून ठेवलंय. नुसती ढेकळं, तितं आग येत न्हाय म्हणं. हिंदुराव आमचा चुलतदीर. त्यानं बांध कोरला म्हणून ह्यांनी बोलणं टाकलं ते कायमचं. जाताना सुदिक मला म्हणाले, त्याच्या रानात पाऊल टाकू नगंस. आता सांग.

रविवारी सराव झाला. सगळी वस्ती पलीकडं, मी म्हस घेऊन बांधावर. हिंदुराव त्याच्या कुत्र्याला म्हणाला, बघ रं, काही माणसं भाजून घेतील पण आपल्याकडं येणार न्हाईत. मी म्हशीला म्हणाले, चल बाई, हितं उभं राहिलो तर आपल्या पायाखालनंबी बांध कोरून नेतील. लोक हसले. राजेश्वरी घरी येऊन जेवली न्हाय.

घरच्या थोरांना नमस्कार, ल्हानांचा गालगुच्चा घे. बहिणीवर जीव हाय तसाच असू दे.
तुझी,
मुक्ता

कऱ्हाटी, ता. बारामती
२१ फेब्रुवारी २०२५

चि. मुक्तास,
सर्जेरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा आहे तिथंच आहे. गाय व्याली, कालवड झाली. प्रगती रुमाल बांधते, पण पोरी हसतात म्हणते. सिंधूच्या डोळ्याचं पाणी थांबलं होतं, तुझं पत्र वाचून दाखवल्यावर परत सुरू झालं.

मी शाळेत फार गेलो नाही, जे काय शिकलो ते पेपर वाचून. पण तुझा प्रश्न पेपरात कुठं सापडेना. मला वाटतं, जीव मोठा. सिंधू म्हणते, नवऱ्याचा शेवटचा शब्द असा ओलांडता येत नाही. आणि त्याच दमात म्हणते, मुक्तावन्संना काही झालं तर मी वर जाऊन दाजींना जाब विचारीन. तिचं नक्की मत कुठलं, ते तिलाही सांगता येईना.

आणखी एक कोडं. हिंदुराव रान मोकळं ठेवतोय म्हणजे उन्हाळी भुईमूग सोडतोय. हातभर बांधासाठी भावाशी वैर धरणारा माणूस अख्खं रान गावासाठी रिकामं ठेवतो, हे गणित मला सुटत नाही. तुला सुटतं का?

तू पाऊस लागेपर्यंत इकडं ये. म्हशीलाही आण. नाहीतर निदान ती गंज तरी हलव. पोरीला उपाशी झोपवू नकोस, ती गावासाठी धावते आणि घरातच हरते.

भावाची माया तुझ्या पाठीशी आहे, तू फक्त हट्ट जरा कमी कर.
तुझा,
दादा

वरकुटे
२६ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच, की आमी सगळी सुखरूप हाय. म्हसबी. बाकीचं सावकाश वाच.

काल दुपारी माळाकडनं धूर उठला. कुणी लावली, कशानं लागली, अजून कुणाला कळलं न्हाय. वारं आमच्या अंगावर. भोंगा वाजला. राजेश्वरीनं डाळिंबाचा फवारणीचा पंप पाण्यानं भरून ठेवलाच हुता, तो ट्रॅक्टरवर घालून बायांसंगट जाळपट्ट्याकडं पळाली. जाताना ओरडली, आत्या, तुमाला पोरांची आण हाय, रानात जावा!

मी म्हस सोडली, बांधापतुर गेले. पुढं पाय उचलंना. मागं बघितलं तर घर दिसंना, नुसता धूर. डोळ्याला धार लागली; रडत हुते का धुरानं, सांगता येत न्हाय. ह्यांचा आवाज कानात, आणि पलीकडनं नातवंडं आजी आजी करत्यात.

तेवढ्यात हिंदुराव बांध वलांडून आमच्या रानात आला. इतक्या वर्सांत पहिल्यांदा. माझ्याकडं बघितलं सुदिक न्हाय. म्हशीचं दावं धरलं आणि चालायला लागला. दावं मी सोडलं का त्यानं वढून घेतलं? म्हस माझी, म्हणून मी तिच्या मागं गेले. भानावर आले तर ढेकळात बसलेली, आणि हातात त्याच्या बायकोनं, रंगूबाईनं, दिलेला तांब्या. निम्मा पिऊन झालेला.

आग जाळपट्ट्यावर अडली. एका कोपऱ्यात ठिणग्या उडून अलीकडं आल्या. बायांनी ओल्या गोणपाटांनी झोडपून घर वाचवलं. गंज गेली. राजेश्वरीनं सकाळी राख भरून उकिरड्यावर टाकली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता सांग, मी ह्यांचा शब्द मोडला का? पाऊल तर पडलं. पण टाकलं मी का? कालपासनं ह्यांच्या फोटोम्होरं दिवा लावायला हात धजंना. वहिनीला विचार, तिच्या दोन्ही मतांपैकी आता कुठलं धरायचं.
तुझी,
मुक्ता

कऱ्हाटी
२ एप्रिल २०२५

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पत्राची पहिली ओळ वाचून मी खाली बसलो, मग पुढचं वाचलं. सिंधूनं देवापुढं साखर ठेवली आणि आता ती तिसऱ्याच मताची झाली आहे, ते भेटल्यावर सांगेल.

म्हैस गेली आणि तू तिच्या मागं गेलीस, हे कोर्टात टिकेल की नाही मला शंका आहे. पण दाजी बोलले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढं बांध होता, वणवा नव्हता. त्या दिवशी ते असते तर? शिव्या तर नक्की दिल्या असत्या, पण हिंदुरावाला की बांधावर उभं राहिलेल्या तुला, ते मला ठरवता येईना. तू दिवा लाव. रागावले असतील तर अंधारात आणखी रागावतील.

हिंदुरावाशी काही बोललीस का? कळव.
तुझा,
दादा

वरकुटे
२३ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दिवा लावला. ह्यांचं तोंड फोटोत हुतं तसंच हाय.

हिंदुरावाशी बोलणं न्हवतं. वाटंत गाठ पडली की तो आभाळाकडं बघायचा, मी चपलेकडं. पण माळाची खालची बाजू अजून वाळकी हाय, आणि त्या दिवशी पलीकडची वस्तीबी आल्यामुळं रानात जागा पुरली न्हाय, बैल एकमेकांना भिडले. म्हणून गटानं ठरवलं, त्याला लागून असलेलं माझं गहू काढलेलं रानबी नांगरून मोकळं ठेवायचं. राजेश्वरीनं भीत भीत विचारलं. मी व्हय म्हणाले. लोकाच्या ढेकळात बसून आल्यावर न्हाय कुठल्या तोंडानं म्हणू?

विजयसिंह निमगाव केतकीवरनं ट्रॅक्टर धाडणार हुता. काल सकाळी बघते तर हिंदुराव स्वताचा ट्रॅक्टर घेऊन उभा. बांधावरचं गवत जळालेलं, वरनं सगळ्या वस्तीची जनावरं तुडवून गेलेली, बांध कुठला ते वळखू येत न्हाय. तो खाली उतरला, आणि कुत्र्याला न्हाय, कुणाला न्हाय, मला म्हणाला, वहिनी, नांगर कुठनं धरू?

दादा, इतक्या वर्सांचं बोलायचं साठवून ठेवलं हुतं. मोजणी, दगड, ह्यांचा अपमान, समदं. आणि तोंडातनं गेलं काय, तर धरा तुमच्याकडनंच, भावजी. त्यानं डोक्याचा रुमाल सोडला. मग डोकं पुसलं आणि ट्रॅक्टरवर चढला.

सांजच्याला दोन्ही रानं मिळून एकच काळं रान दिसत हुतं. आमचं कुठं संपतं ते मी उभी राहून शोधलं, सापडलं न्हाय. आणि वाईट वाटावं तर तेबी वाटंना. असं कसं रं? पाऊस लागला की पेरायला बांध घालावा लागंल. तो कुणी घालायचा, कुठं घालायचा, मला काय सुचंना. राजेश्वरीला विचारलं तर ती नुसती हसली आणि दोन भाकरी जास्त जेवली.

वहिनीचं तिसरं मत काय ते कळव. गुडघ्याला तेल लाव. आणि हे पत्र उशाला ठेवून झोपू नगंस, लगोलग उत्तर धाड.
तुझी,
मुक्ता