पलंगाखालचा भुसा

९ फेब्रुवारी
पलंगाखाली परत भुसा! सकाळीच झाडलं होतं. पिवळा, पिठासारखा. नात म्हणते, "आजी, पलंग काहीतरी खातोय." कान लावला — खरंच, आत कुरकुर चाललीय.
पलंग लेकाने केला, वखारीतल्या फळ्यांचा. ट्रकात ज्या पॅलेटांवर माल रचतात, त्या मोडल्या की हा नीट करतो. साहेबाने पाटी लावलीय — दुरुस्ती करा, झाडं वाचवा.

११ फेब्रुवारी
लेकाला भुसा दाखवला. तोंडच उतरलं. दुरुस्त केलेलं लाकूड भट्टीत तापवतात, म्हणजे आतला किडा मरतो. मध्ये भट्टी बिघडली होती म्हणे. तरी याने माल पाठवला — न तापवता, साहेबाला न सांगता!
"मग सांग की साहेबाला."
"सांगितलं तर सगळा ढीग जाळतील, आई. वखारीला कुलूप. मग खायचं काय, हा भुसा?"
जीभ माझ्यावर गेलीय मेल्याची.

१२ फेब्रुवारी
जीव थाऱ्यावर नाही. तो माल कुठे कुठे गेला असेल? किडा काय पत्ता विचारून उतरतो!

१५ फेब्रुवारी
पलंग मोडला. लेक बजावून गेला, "सगळं जाळ. ढलपीसुद्धा ठेवू नकोस."
जाळलं. दोन फळ्या मात्र ठणठणीत निघाल्या, बोटाने वाजवून बघितल्या. एवढं चांगलं लाकूड आगीत घालवेना. दारातल्या झाडाला टेकवून ठेवल्यात. कोंबड्यांच्या खुराड्याला होतील. लेकाला नाही बोलले. त्याचं डोकं आधीच भणभणलंय.

३ मार्च
भुसा नाही. कुरकुर नाही. तरी रोज वाकून जमीन बघते. कंबर म्हणते, पुरे कर बाई.

२० एप्रिल
साहेबाला बक्षीस मिळालं, झाडं वाचवल्याचं! पेपरात फोटो आलाय. मागे आमचे चिरंजीव — एरंडेल प्यायल्यासारखे.
जेवताना म्हटलं, "अजून वेळ आहे, सांग."
"आता विसर ना, आई."
अर्धं ताट तसंच ठेवून उठला.

२ जुलै
नातीच्या झोक्याची दोरी बदलायला झाडाजवळ गेले. माझ्या दोन फळ्या तिथेच टेकलेल्या. फळ्यांना भोकं. मागे बुंध्यालाही भोकं. मुळाशी पिवळा भुसा, पिठासारखा.
लेकाला हात धरून आणलं, दाखवलं. म्हटलं, "लाव साहेबाला फोन. तुला बोलवत नसेल तर इकडे दे."