कानपिळीचा मान

प्रिय ताई,

धाकट्याचा इथूनच वाकून नमस्कार. आता आशीर्वाद जोडीने द्या.

मी मजेत आहे. हॉटेलच्या धुलाईखान्यात काम बरं चाललंय, जेवण वेळेवर होतं. माहेरी गेलीस की आईला एवढंच वाचून दाखव. पुढचं तू एकटीच वाच.

सुट्टी मिळाली नाही, तरी तुझा मुहूर्त मी चुकवला नाही. घड्याळाकडे डोळे लावूनच होतो. तेव्हा हातात घडी घालायची चादर होती, तिची पलीकडची टोकं यंत्राच्या चिमट्यात. मनात म्हटलं, हाच आपला अंतरपाट. मंगलाष्टका आठवल्या तेवढ्या पुटपुटलो आणि ‘सावधान’ म्हणून चादर सोडून दिली. तिकडे तुला भाऊजी दिसले असतील. मला समोरची भिंत दिसली. चादर पुन्हा धुवावी लागली, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

भाऊजींचा कान कुणी पिळला? काकांच्या मुलाने? तो मेंगळट काय पिळणार! अगं, ‘माझ्या बहिणीला त्रास दिलात तर गाठ माझ्याशी आहे’, हे त्या कानाला कळायला हवं ना! भाऊजींना म्हणावं, सुटलात असं समजू नका. एक कान माझ्यासाठी राखून ठेवा.

सासरी करमतं ना तुला? खरं सांग.

लाह्यांच्या वेळचा फोटो मिळाला. त्यात तुझ्यामागे एक जागा मोकळी दिसते. ती माझ्यासाठी ठेवली होतीस, की कुणी तेवढ्यात पाणी प्यायला उठलं होतं?

तुझा लांबूनचा पाठराखा,
धाकटा