गोण्यांचे रंगीत दोरे

खौलाताई,

माझी दूरशिक्षणाची पदवी आली म्हणून तू अख्ख्या गल्लीत कुनाफा वाटलास म्हणे. तो गोडवा मला पचायचा नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी तू पोरांना दटावून गप्प केलंस आणि चहा घेऊन, कॅमेऱ्यात दिसणार नाहीस अशी, दाराआड उभी राहिलीस. घाण्यावरचा माझा प्रकल्प चाळत पडद्यावरून सरांनी विचारलं, "ऑलिव्हच्या घाण्यावर कुठली गोणी कुणाची, हे रंगीत दोऱ्यांनी ओळखायची पद्धत कुणी बसवली?"

"मीच," मी म्हणालो. "त्याआधी तिथे अडाण्यांचा नुसता गोंधळ होता, सर."

वीस वर्षं ते दोरे तू बांधतेस. एका घरचं तेल दुसऱ्याच्या डब्यात कधी गेलं नाही.

"शाब्बास, पास!" सर म्हणाले, आणि दाराआडून तुझी लग्नघरातल्यासारखी आनंदाची ललकारी उठली.

सर हसले. "कोण, आई का?"

"नाही हो, शेजारीण."

तू सगळं ऐकलंस. तरी चहात नेहमीसारखा मरमियाचा सुवासिक पाला घालून दिलास, वर म्हणालीस, "पी रे बाबा, घसा सुकला असेल."

तुला वाचता येत नाही. पत्र आलं की वाचायला तू मलाच हाक मारतेस. म्हणून हे पाठवत नाही.

तुझा शेजारी,
मुतसिम