केल्विनरावांना न जमलेले चेहरे

खालुंब्रे, चाकण
२ डिसेंबर २०२४

चि. जयमाला हिला दादांचे अनेक आशीर्वाद.

सवयीनं नावाआधी सौ. लिहायला निघालो होतो, हात थांबला. केल्विनरावांना जाऊन वर्ष होत आलं, तरी हाताला ते समजलेलं नाही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती माझ्यावर कुरकुरते. तुझ्या भावानं मागच्या अंगाला आणखी खोल्या काढल्या. लातूरकडची पोरं भाड्यानं राहतात. त्यांच्या शिफ्टच्या गाड्या पहाटेच हॉर्न वाजवतात. हायवेच्या ट्रॅफिकचं तर विचारूच नकोस.

केल्विनरावांच्या प्रदर्शनाची पुस्तिका तू छापण्याआधी पाठवलीस, ती सायलीनं नातीचं कर्तव्य म्हणून मला मराठीत करून वाचून दाखवली. त्रिनिदादच्या पेपरात वीस वर्षं बातमीदारी, उरल्या वेळात चित्रं. कुठलीही गोष्ट दोन माणसांकडून पक्की केल्याशिवाय छापायची नाही, हा त्यांचा हट्ट. सगळं छान लिहिलंयस. फक्त एक वाक्य मला खातंय. ‘चेहरे आपल्याला जमत नाहीत, असं तो म्हणायचा, चाकणहून परतल्यावर त्यानं माणसाचा चेहरा काढलाच नाही.’ ते छापू नकोस. का, ते फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुझी आई शेजारी असते.

लग्नानंतर तुम्ही दोघं इथे राहिलात तो हिवाळा आठव. तू दिवसभर हिंजवडीला ऑफिसात. ते सकाळी कंपन्यांच्या गेटवर फिरून पेपरासाठी लिहायचे आणि दुपारी मला ओट्यावर बसवून माझं चित्र काढायचे. मी बसल्या बसल्या पेंगायचो, ते हसायचे. बोलायला धड भाषा नव्हती, तरी आमचं बरं जमलं होतं. खरं सांगतो, आयुष्यात मला कुणी इतकं नीट पाहिलं नव्हतं.

चित्र झालं. आम्हाला चकित करायचं म्हणून ते गुपचूप बाजारात जाऊन फ्रेम करून आले. आता आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाची एवढी मोठी तसबीर कुणी कधी करून घेतं, तुला ठाऊक आहे. फ्रेमवाल्यानं काही विचारलं नाही. रिवाजाप्रमाणे वर चंदनाचा हार घातला. केल्विनरावांना वाटलं, मान दिला. विमानतळावर आपण त्यांनाही हारच घातला होता.

ते हसत हसत आत आले आणि हार घातलेला मी त्यांनी तुझ्या आईसमोर धरला. तिच्या हातातली परात पडली. अशी तसबीर माणूस गेल्यावर लावतात, हे जिवंत नवऱ्यादेखत ती कसं बोलणार? तिला सुचलं ते बोलली, "ह्ये ह्यांच्यासारखं न्हाई. न्या ते."

त्यांचं हसू गेलं. मग बातमी पक्की करावी तसे माझ्याकडे वळले. ओट्यावर शिकलेल्या मराठीत विचारलं, "दादा, हे तुमी हाय?"

जयमाला, ते चित्र हुबेहूब होतं. बैलानं मारलेल्या शिंगाची भुवईवरची खूणसुद्धा होती. पण वर तो हार होता. त्या हाराखालचा माणूस मीच, असं म्हणायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "न्हाई."

दोन माणसांनी सांगितलं. त्यांच्या लेखी ते पक्कं झालं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून त्यांनी माझ्या चेहऱ्यावर पांढरा रंग फिरवला. मी दारातून बघत होतो. आधी मिशी गेली, मग डोळे. एक हाक मारली असती तर थांबले असते. आत तुझी आई अरिष्ट टळलं म्हणून देवापुढे दिवा लावत होती. त्याच कापडावर त्यांनी पुढे चाकणचा कांदा बाजार काढला. तुझ्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे तोच. त्यातल्या एकाही हमालाला चेहरा नाही, बघ. तुला आम्ही फक्त एवढंच सांगितलं, की चित्र काही जमलं नाही.

मला वाटायचं, पुढल्या खेपेला आले की शांतपणे समजावून सांगू. तुमची पुढली खेप झालीच नाही. फोनवर ते दर वेळी "दादा, बरं हाय?" विचारायचे आणि मी बरं हाय म्हणून फोन तुझ्या आईकडे द्यायचो. फार वाईट वाटतं गं.

तेव्हा ते वाक्य खोड. चेहरे त्यांना जमत होते. एक तर असा जमला होता की आम्ही घाबरलो. असंच लिही, आणि माझं नाव घालून लिही. तुझी आई रागावेल, ते मी सोसेन. हे सांगणारा कोण, असं तिथल्या लोकांनी विचारलं, तर खाली लिहिलंय ते दाखव.

केल्विनरावांचा सासरा,
बबनराव