आईचं नाव कंसात

प्रिय आई,

तुला आणि बाबांना वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, खोलीही उबदार आहे. बाबांचा गुडघा कसा आहे? खरं सांग.

परवा मी चोर ठरले! लोकर का आटते यावरच्या माझ्या शोधनिबंधात एक्केचाळीस संदर्भ पान क्रमांकासकट दिलेत. पण 'गरम पाण्यातली लोकर एकदम थंड पाण्यात टाकली की जास्त आटते' या वाक्यापुढे काहीच नव्हतं. सरांनी विचारलं, "हे कुठून उचललंस?"

"आईने सांगितलं."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मग आईचं नाव कुठाय?"

दुसऱ्याच्या ज्ञानावर डल्ला मारणाऱ्यांना मी भर सभेत झोडपते, आणि स्वतःच्याच घरात हात मारला! मग सरांशी भांडले, की आईला शेवटच्या संदर्भयादीत मानाने बसवा. ते म्हणाले, "अगं बाई, वाचक तुझ्या आईला कपाटातून काढून वाचणार आहे का? तोंडी माहिती वाक्यातच द्यायची. कंसात नाव आणि तारीख. आणि आधी तिची परवानगी."

परवानगी नसेल तर वाक्य काढावं लागेल, आणि माझा सगळा प्रयोग त्याच वाक्यावर उभा आहे. 'मला मेलीला काय कळतंय' असलं काही लिहू नकोस. तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी दोरीवरच्या कपड्यांखाली खेळत होते, तारीख कुठून आणू? खोटी तर मुळीच घालणार नाही. म्हणून महिनाअखेरीच्या आत 'हो' कळव, आणि ते सगळं पुन्हा एकदा लिहून सांग, तुझ्या शब्दांत, पत्रावर तारीख टाकून. तीच कंसात घालेन.

तुझी भांडखोर लेक