तुझी आच निळी होती

तुबली, बहारीन
९ नोव्हेंबर १९८७

प्रिय महादेवा,

मथुराचं पत्र परवा हाती पडलं. पोरीचं अक्षर तुझ्यासारखंच, ठोकून बसवल्यासारखं. तुझ्या दुखण्याचं तिनं सविस्तर कळवलंय, पण खाली एक ओळ आहे, ती डोळ्यांपुढून हलत नाही. बाबा ग्लानीतही पुटपुटतात, 'भट्टी मी बसवली होती, गुंडूला मी मारलं.' हा गुंडू कोण, असं ती मला विचारते. म्हणजे आठ वर्षांत तू घरात त्याचं नावही काढलं नाहीस!

गॅरेजमागची आपली खोली तशीच आहे. तिघांच्या जागी आता मी एकटा. ओहोटीला लांब पायांचे ते गुलाबी पक्षी खाडीच्या चिखलात उतरतात, आणि गुरुजींनी चालीवर म्हणवून घेतलेली पाखरांची कविता आपोआप माझ्या ओठांवर येते. ऐकायला कुणी नाही. गुंडू ऐकायचा. दिवसभर गाड्या रंगवून आला तरी रंगाच्या डब्यावर बसून मान डोलवायचा आणि शेवटी म्हणायचा, 'बाळ्या, परत म्हण, मधे जरा डोळा लागला.'

घरी बिअर करायचं खूळही त्याचंच. गोदीतल्या तुझ्या गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना माल्टचे डबे, हॉप्सच्या वाळक्या फुलांची पिशवी आणि कागदावर कृती दिली होती: तासभर खळखळून उकळा. आपल्या स्टोव्हवर एवढं पाणी धड तापेना, तेव्हा तू भंगारातून ती बिडाची भट्टी उचललीस आणि प्रोपेनच्या सिलिंडरला जोडलीस. पहिल्या दिवशीची ज्योत पिवळी, लवलवती. मला ती दीपमाळेसारखी वाटली, तसं मी बोललोही. तू खेकसलास, 'कविराज, आधी पातेल्याचं बूड बघा!' बोटभर काजळी. गुंडू म्हणाला, 'बिअर राहू दे रे, काजळाच्या डब्या भरू.'

चार शुक्रवार तू त्या भट्टीशी झटलास. नळीत कोळ्यानं जाळं केलं होतं, ते तारेनं काढलंस. गॅस सुटतो त्या जेटचं भोक मोठं होतं, म्हणून पितळेचं नवं जेट केलंस. रेग्युलेटर बदललास. मग हवेची चकती केसाकेसानं फिरवत बसलास. कमी उघडली की पिवळी जीभ, जास्त उघडली की ज्योत भट्टी सोडून उडायची आणि फट्‌ करून विझायची. चौथ्या शुक्रवारी ती बसली. निळी, ताठ, पिवळा ठिपका नाही. तासभर उकळून पातेलं पांढरंच्या पांढरं. आवाज मात्र फार करायची. तू चकतीवर छिन्नीनं खूण पाडलीस आणि आम्हाला दम दिलास, 'ह्या खुणेवरून हलवायची नाय, पिवळी जळली की विषारी वायू सुटतो. आणि आत पेटवलीत तर खिडकी सताड उघडी. समजलं?' समजलं होतं, महादेवा. चांगलं समजलं होतं.

त्या वर्षी रमजान ऑगस्टात आला. शेजारच्या खोलीत रत्नागिरीचे जैनुद्दीनभाई त्या उकाड्यात पाण्याचा थेंब न घेता रोजे धरत होते. त्यांच्या दारासमोर अंगणात हे उकळणं शोभेना. माल्टचा डबा तर गुंडूनं उघडून ठेवलेला. म्हणून तूच भट्टी आत आणलीस, खिडकी उघडलीस आणि शिफ्टला गेलास.

पातेलं उकळू लागलं तसा तो कडवट वास सुटला. भर दुपारी उपाशी माणसाच्या नाकात तो जाऊ नये म्हणून मी खिडकी लावली. दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. तेवढ्यात गुंडू म्हणाला, 'कविता म्हण की. पण ही बया केवढी घोंघावते, काय ऐकू यायचं?' मी चकती फिरवली. आवाज पडला, ज्योत पिवळी झाली. मी कविता म्हटली, दोनदा म्हटली. खरं सांगतो, मला फार छान वाटत होतं.

मग डोकं जड झालं. उकाड्यानं असेल म्हणून मी बाहेर भिंतीच्या सावलीत जाऊन बसलो. गुंडू म्हणाला, 'बस तू, मी बघतो पातेल्याकडे.' सावलीत माझा डोळा लागला. परत गेलो तर तो डब्यावरून कलंडलेला. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, टॉवेल उचलला. आणि गुंडूला हात लावण्याआधी चकती फिरवून तुझ्या खुणेवर आणून ठेवली. मग ओरडलो. पातेल्याचं बूड कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी मी ते घासून टाकलं.

तू आलास, वाकून चकती पाहिलीस. खूण जुळलेली, खिडकी उघडी. मग चूक कुठे? गोदीतल्या नव्या साहेबापुढे तूच म्हणालास, 'भट्टी माझी. जेटचं भोकच चुकलं असणार.' दहा दिवसांत तुझा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर तुझी बॅग मी उचलली, तोंड उघडलं नाही. मथुरा लिहिते, बाबांनी गावी आल्यापासून हत्यार हातात धरलं नाही, घरातला स्टोव्हसुद्धा दुसऱ्याकडून दुरुस्त करून आणतात. महादेवा, भोक बरोबर होतं. तुझ्या हातून काहीही चुकलं नव्हतं. माझ्यामुळे तू तुझ्या हातांना खोटं ठरवत बसलास.

काल मथुरानं दिलेल्या नंबरावर दवाखान्यात फोन लावला. हे सगळं सांगायचंच, असं ठरवून लावला. कुणीतरी रिसीव्हर तुझ्या कानाशी धरला, आणि तू विचारलंस, 'बाळ्या, जेवलास काय?' मी म्हटलं, जेवलो. पुढे तू 'गुंडू' एवढंच म्हणालास. मी 'बरं, जप हां' म्हणून फोन ठेवून दिला. फोनवरच कळलं, डॉक्टरांनी आठ दिवसांची मुदत दिलीय, त्यातले चार गेले. इथून पत्राला बारा दिवस लागतात. टेलिफोन ऑफिस समोरच्या रस्त्यावर आहे, आज सोमवार, ते उघडं आहे. मी इथे बसून लिहितोय. तुझ्या हाती हे पडणार नाही याची खात्री झाली, तेव्हाच मला लिहायला जमलं.

तुझाच म्हणवण्याची लायकी नसलेला, तरी तुझाच,
बाळाजी