लाल कोटाची मोहीम

१ डिसेंबर

आज लेकीच्या बालवाडीत रुजू झालो. पगार नाही, पण पद आहे. पद मीच ठरवलं: हिवाळी सल्लागार. लेक म्हणाली, बाबा, तुम्ही नुसते येऊन बसलात तरी चालेल. ही तिची बोलायची पद्धत. वडिलांकडे सरळ मदत मागायला संकोच वाटतो, दुसरं काय.

विमा कंपनीत आयुष्य काढलं. लोकांवर संकट येऊन गेलं की आम्ही त्यांच्याकडे कागद मागायचो. आता संकट येण्याआधीच त्याला गाठायचं. थंडी, सर्दी, खोकला आणि त्यापायी हैराण होणारे आईबाप, सगळ्यांना आधार. प्लॅन डोक्यात तयार आहे.

फक्त डिसेंबरपुरतं. मग मी आपल्या घरी. म्हणूनच बॅग उघडलेली नाही. लेकीने कपाटातले दोन खण माझ्यासाठी रिकामे करून ठेवलेत. उगीच. पाहुण्याने खण अडवू नयेत.

२ डिसेंबर

पाहणी केली. तळमजल्यावर दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, पुढे अंगण. दाराशी खुंट्यांची रांग. प्रत्येक खुंटीवर एकेक चित्र: बदक, छत्री, गाजर. शेवटची खुंटी रिकामी, बिनचित्राची. ती लेकीने मला देऊ केली. खुंटी माझ्या मांडीला लागते! तिथे माझा लांब कोट टांगायचा म्हणजे निम्म्या कोटाने लादी पुसायची. नको म्हटलं. शिवाय खिशांत बाम, चष्मा, शिट्टी, बिस्किटं. कोट हेच माझं ऑफिस. ऑफिस काय खुंटीला टांगतात?

मुलांना सांगितलं होतं, मला सर म्हणा. ती कोटआजोबा म्हणतात. हरकत नाही. कोटातला अधिकार त्यांनी बरोबर ओळखला.

कोटाच्या घेराने ठोकळ्यांचे दोन मनोरे पडले. मनोरे मुळातच कच्चे होते.

४ डिसेंबर

केस सापडली. वय चार. लाल कोट, हनुवटीपर्यंत बटणं. सकाळी येते तशी घरी जाईपर्यंत कोट अंगावरच. मी तिचं नाव बटणबाई ठेवलं. माझ्याच दिवशी बालवाडीत दाखल झालेली. लेक म्हणाली, पहिल्या दिवशी तिने अर्धी बटणं सोडली होती, मग काय मनात आलं कोण जाणे, इकडेतिकडे बघून परत लावली.

प्रकरण दिसतं तेवढं साधं नाही. आत हिटर. पोर कोटात घामाघूम होते. बाहेर पडली की त्याच घामावर गार वारा. मग खोकला. खोकला आला की आई घरी. आई हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरी धुते, घरात दुसरं कोणी नाही. सुपरवायझरने तिला बजावलंय, की आता दांडी मारलीस तर पुन्हा येऊच नकोस. लेक म्हणते, ओढून कोट काढायचा नाही, ती तिच्या मनाने काढेल, धीर धरा.

धीर हा काही प्लॅन नव्हे. डिसेंबर संपायच्या आत तो कोट तिच्या छत्रीच्या खुंटीवर असेल. इथे लिहून ठेवतो.

५ डिसेंबर

समोर उभा राहिलो. स्पष्ट शब्दांत सांगितलं, कोट काढ. बटणबाईने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग तिचं सगळ्यात वरचं एक बटण लावायचं राहिलं होतं, ते लावलं.

संवाद सुरू झाला, हे महत्त्वाचं.

९ डिसेंबर

प्रोत्साहन योजना. जो कोट काढून खुंटीला लावेल त्याला कपाळावर चमकती चांदणी. मुलांनी पटापट कोट काढले. चांदण्या मिळाल्या. मग एकाने विचारलं, स्वेटर काढला तर? नियमात तसं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून दिली. हीच चूक. लेक आत आली तेव्हा तिघं बनियनवर होते आणि एक जण त्याच्याही पुढे गेला होता. कपाळावर जागा उरली नव्हती, पोटावर चांदण्या.

बटणबाई माझ्या शेजारी उभी राहून हे सगळं बघत होती. कोटात. मी पण कोटात. आम्ही दोघंच काय ते सभ्य दिसत होतो.

लेक मुलांचे कपडे गोळा करू लागली. स्वयंपाकाच्या मावशी बोलल्या. म्हणाल्या, काका, एक सर्दी थांबवायला निघालात आणि चार बोलावून आणल्यात. हात दाखवून अवलक्षण. बायकांना दूरदृष्टी नसते.

१२ डिसेंबर

मुलांना मोकळ्या हवेत न्यायचं ठरवलं. शिट्टी वाजवली. मोजे, बूट, कोट, टोपी, हातमोजे. माझ्या हिशेबाने पाच मिनिटांचं काम. शेवटच्याचे हातमोजे चढले तेव्हा पहिल्याला शू लागली. त्याचं सगळं उतरवलं. त्याला बघून दुसऱ्याला लागली. मग तिसरीला. दोन हातमोजे एकाच हातात, एक बूट कोणाचाच नाही. नाकी नऊ आले. अंगणात पाय ठेवला आणि जेवणाची घंटा झाली.

पूर्ण वेळ तयार होऊन दाराशी उभे होतो ते दोघंच. मी आणि बटणबाई. तिने माझ्या कोटाचा खिसा धरला होता. बिस्किटासाठी असणार. दिलं. घेतलं, पण खिसा सोडला नाही.

बिस्किटं स्वतः खायची नाहीत असा निश्चय केला आहे. ती मुलांसाठी आहेत. आज चार खाल्ली, पण ती तुटकी होती.

१६ डिसेंबर

पालकांसाठी मार्गदर्शन. विषय: खोलीत गरम कपडे काढण्याचं शास्त्र. नमनालाच घडाभर तेल गेलं असं लेक म्हणते. मी तर फक्त विम्याच्या इतिहासापासून सुरुवात केली होती. पाच पालक आले. एक झोपले. एक बाई घर चुकल्या होत्या, त्यांना वरच्या मजल्यावर जायचं होतं, पण लाजेने शेवटपर्यंत बसल्या.

प्रश्नोत्तरांत एका बापाने विचारलं की सर, तुम्ही स्वतः कोट का काढला नाहीत. प्रश्न विषयाला सोडून होता. मी म्हटलं, मला इथून लगेच निघायचंय. सगळे हसले. का, ते कळलं नाही.

मला सर म्हणणारा तो पहिला माणूस.

१९ डिसेंबर

मानसशास्त्र खूप झालं, आता पदार्थविज्ञान. हिटर पूर्ण फिरवला. माणूस उकडला की कोट काढतोच. पाऊण तासात मुलं लोण्यासारखी पातळ झाली. दोघं जिथे होती तिथेच झोपली. मावशींनी येऊन खिडकी उघडली, हिटर बंद केला आणि माझ्याकडे असं बघितलं की ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बटणबाई तग धरून होती. लालबुंद झाली, पण एक बटण सोडलं नाही. मीही समोर बसलो होतो. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण डगमगलो नाही. पुढाऱ्याने आधी माघार घ्यायची नसते. बराच वेळ एकमेकांकडे बघत होतो. अशी जिद्द या वयात कुठून येते कोण जाणे.

२२ डिसेंबर

बटणबाईला खोकला. घरी आहे.

संध्याकाळी तिची आई येऊन गेली. हात चादरी धुऊन धुऊन पांढरे पडलेले. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, सुपरवायझरच्या हातापाया पडून आलेय, पण पुढच्या वेळी तो ऐकायचा नाही. आणि मलाच विचारलं, की आजोबा, ती तुमच्याबद्दल घरी सारखं बोलते, तुम्हीच काहीतरी करा ना.

मी म्हटलं, प्लॅन आहे. प्लॅन नाही. खिडकी मावशींनी उघडली होती, हे खरं आहे. पण हिटर मी फिरवला होता. आज बिस्किट खाल्लं नाही.

३१ डिसेंबर

परत जायचा दिवस. गेलो नाही. पोर पुन्हा बालवाडीत येऊ लागली आहे, कोटासकट, आणि केस अर्धवट टाकून जाणं माझ्या स्वभावात नाही. तसा जानेवारी म्हणजे डिसेंबरचाच उरलेला भाग. थंडी तीच.

लेक म्हणाली, मग कपडे तरी खणात लावा. चुरगळलेल्या शर्टात किती दिवस काढणार. मी म्हटलं, उद्यापरवा निघायचंच आहे. ती गप्प बसली. तिच्या आईसारखीच गप्प बसते.

गेला हिवाळा मी एकटाच होतो. लेकीची आई गेल्यानंतरचा पहिला. दिवसभर बोलायला कोणी नाही म्हणून पेपरवाल्याशी भांडण उकरून काढायचो. तेवढंच बोलणं व्हायचं. शेवटी त्याने पेपर टाकणं बंद केलं. हा कोट तिनेच घ्यायला लावलेला. बटणं मी ओढून तोडतो म्हणून नवाकोरा असतानाच तिने ती परत दुहेरी दोऱ्याने शिवली होती. अजून एकही हललेलं नाही.

असो. विषय कोटाचा आहे. लाल.

८ जानेवारी, दुपार

आज प्रात्यक्षिक. मोठ्या अस्वलाला कोट घातला. तो मी एकेक बटण सोडत सर्वांसमोर काढणार आणि अस्वल म्हणणार, अहाहा, किती मोकळं वाटतंय! अस्वलाचा आवाज घरी आरशासमोर बसवला होता.

अहाहापर्यंत पोचलोच नाही. अस्वलाला उंच धरून ऐटीत वळलो. मागच्या बुटक्या टेबलावर मुलांचे रंग होते. कोटाच्या घेराने सगळं टेबल साफ केलं. निळा रंग खिशात. खिशात चष्मा. बिस्किटं निळी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. अस्वलाला मिळाल्या नसत्या एवढ्या.

मावशी धावत आल्या. म्हणाल्या, काका, हात वर. मी काही म्हणायच्या आत त्यांनी मला मुलांसारखंच सोलून काढलं. कोट धुऊन, पिळून शेवटच्या खुंटीवर लावला. तो खरंच लादीपर्यंत लोळत होता. मी स्वेटरवर. भर वर्गात उघडा पडल्यासारखं वाटलं. एका छोट्या खुर्चीत बसून राहिलो. मोहीम संपली, असं मनाशी म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी, आणि घडा आपणच.

बटणबाई आली. आधी खुंटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. विचारलं, तू आता जाणार नाहीस? मला ती अरेतुरेच करते. मी म्हटलं, कसा जाणार, कोट ओला आहे. तिने जरा विचार केला. मग खालून वर एकेक करत सगळी बटणं सोडली आणि कोट छत्रीच्या खुंटीवर लावला. आत पिवळा फ्रॉक होता. एवढे दिवस कोणी पाहिलाच नव्हता.

मी विचारलं, इतके दिवस का नाही काढलास? म्हणाली, तू काढत नव्हतास ना. कोट काढला नाही म्हणजे लगेच जायचं असतं. मला वाटलं आपल्या दोघांना लगेच न्यायला येणारेत. मग शेजारच्या खुर्चीवर बसली आणि सहज विचारावं तसं विचारलं, तुला न्यायला कोण येतं?

मी चष्म्यावरचा निळा रंग स्वेटरला पुसला. मग म्हटलं, मोठ्या बाई येतात. मुलं माझ्या लेकीला मोठ्या बाई म्हणतात. ती म्हणाली, मग बरंय.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हण लहानपणापासून पाठ आहे. ती कोणासाठी केली आहे ते आज कळलं.

तोच दिवस, संध्याकाळ

बटणबाईची आई न्यायला आली. पोरीला फ्रॉकवर बघून तिला वाटलं कोट चोरीला गेला. खुंटीवर दाखवला. तिने पोरीच्या मानेला, पाठीला हात लावून पाहिला. कोरडी. मग माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही. श्रेय मी घेतलं नाही. म्हणजे घेणार होतो, पण मावशी बघत होत्या.

लेकीला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. डोळे पुसत म्हणाली, बाबा, मी दोन कोटांची वाट बघत होते.

त्या गडबडीत ओला कोट तिथेच राहिला. घरी स्वेटरवर चालत आलो. वारा बोचरा होता.

१० जानेवारी

सर्दी. ताप. कणकण. संपूर्ण हिवाळी मोहिमेत सध्या अंथरुणावर असलेला एकमेव रुग्ण मी.

लेक बालवाडीतून आली. माझ्यावाचून अडलं असेलच, म्हणून विचारलं. अजिबात नाही म्हणे. शिट्टी नसल्याने मुलं लवकर तयार झाली आणि आज पहिल्यांदा सगळी अंगणात खेळली. बटणबाई कोरडी ठणठणीत. आई कामावर. माझ्या खुंटीवर आता मुलांनी चित्र लावलंय. हुद्द्याला शोभेल असं काही असेल वाटलं. बिस्किट आहे.

एकाने म्हणे सकाळी विचारलं, कोटआजोबा गेले का? बटणबाईने त्याला हात धरून खुंटीपाशी नेलं आणि समजावलं, येणार तो. कोट इथेच आहे.

नाक फार वाहतंय. रुमाल शोधायला बॅग उघडली. रुमाल तळाशी होते, म्हणून बाकीचं बाहेर काढावं लागलं. काढलंच आहे तर लावलं. दोन खण पुरत नाहीत. लेकीकडे तिसरा मागायला हवा.